कच्च्या चरबीपासून अदोबोपर्यंत: फिलिपिनो स्वयंपाकघरात नव्याने शिरणाऱ्यांसाठी

फिलिपिन्समधल्या घरगुती स्वयंपाकात डुकराची चरबी बहुतेक वेळा वेगळी विकत आणली जात नाही. ती मांस शिजतानाच सुटते, गाळून बरणीत जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या भाताला लागते. ही साखळी ध्यानात आली नाही, तर नवखा माणूस आधी कढईत भरपूर तेल ओततो, त्यात चरबीचे मांस टाकतो आणि मग पदार्थ तेलकट का झाला याचे कोडे सोडवत बसतो. या लेखातील पायऱ्या लिहिताना मी एकच गोष्ट मध्यभागी ठेवली आहे: चरबी घालण्याआधी ती सुटू द्यायला शिकावे.

मराठी माणूस या स्वयंपाकघरात वेगवेगळ्या वाटांनी पोहोचतो. दावाओ किंवा मनिला येथे वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी आहेत, फिलिपिनो खलाशांबरोबर एकाच जहाजावर महिनोन् महिने राहणारे कोकणातले आणि गोव्यातले दर्यावर्दी आहेत, आखातात एकाच घरात खोल्या वाटून राहणारे आहेत आणि फिलिपिनो कुटुंबात लग्न करून गेलेलेही आहेत. गोव्यातील किंवा वसईकडील ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना डुकराचे मांस नवे नाही. त्यांनी पहिल्या दोन पायऱ्या भरभर वाचून पुढे जावे. बाकीच्यांनी मात्र क्रमाने जाणे बरे.

१. नेमके काय हवे ते आधी ठरवा

दुकानात नुसते ‘मांतिका’ (स्वयंपाकाचे तेल किंवा चरबी) मागितले, तर खोबरेल किंवा पाम तेलाची बाटली हाती पडेल. फिलिपिन्स हा नारळाचा देश आहे आणि तिथल्या घरांत रोजचे तळण बहुधा अशाच तेलात होते. डुकराची कढवलेली चरबी हवी असेल तर ‘मांतिका नांग बाबोय’ असे पूर्ण म्हणावे, आणि कढवण्यासाठी कच्ची चरबी हवी असेल तर ‘ताबा नांग बाबोय’ असे म्हणावे.

कच्च्या चरबीचे दोन प्रकार नवख्याने ओळखले म्हणजे पुरे. पाठीवरच्या कातडीखालची चरबी घट्ट, पांढरी आणि सहज मिळणारी असते. परतण्यासाठी, तळण्यासाठी आणि भातासाठी तीच घ्यावी. पोटाच्या आत मूत्रपिंडांभोवती असणारी चरबी अधिक ठिसूळ असते, तिला मांसाचा वास फार कमी असतो आणि कढवल्यावर ती जास्त घट्ट गोठते, म्हणून भाजक्या पदार्थांच्या पिठासाठी ती राखून ठेवतात. आतड्यांना जोडणारी जाळीदार चरबीही बाजारात दिसते. ती कुरकुरीत तळून ‘चिचारोन बुलाकलाक’ करतात, पण ती नीट साफ करणे हे सरावाचे काम आहे आणि सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

२. साधने आणि जिन्नस

हे सर्व आधी हाताशी असावे, कारण चरबी एकदा आचेवर चढली की गाळणे शोधायला फळीवर चढता येत नाही.

- जाड बुडाची खोल कढई (तिकडे तिला कावाली म्हणतात) किंवा जाड पातेले. पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात चरबी तळाशी लागते.
- लांब दांड्याची पळी आणि सपाट उलथने, म्हणजे सियान्से.
- बारीक जाळीची गाळणी आणि तिच्यावर अंथरायला धुतलेले सुती कापड. तिकडे पिठाच्या पोत्यांचे ‘कात्सा’ कापड वापरतात. आपले मलमल चालते.
- काचेची, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बरणी, पूर्णपणे कोरडी.
- कढईवर नीट बसेल असे धातूचे झाकण. हे शिजवण्यासाठी नव्हे, तर आग विझवण्यासाठी लागते.
- लसूण, कांदा, टोमॅटो, उसाचा किंवा माडीचा व्हिनेगर, सोया सॉस, तमालपत्र, अख्खी काळी मिरी, मीठ.
- जमल्यास स्वयंपाकाचा तापमापक. तळणात तो फार उपयोगी पडतो. बाकी ठिकाणी कान आणि डोळे पुरतात.

३. बाजारात जाताना

सकाळी लवकर पालेंगकेत, म्हणजे मंडईत, जावे. मांसाचा भाग वेगळा असतो. विक्रेत्या बाईला ‘आते’ आणि पुरुषाला ‘कुया’ म्हणावे, म्हणजे ताई आणि दादा, आणि वाक्यात आदरार्थी ‘पो’ घालावा: ‘मागकानो पो?’ म्हणजे केवढ्याला? एकाच गाळ्यावर नेमाने गेलात की तुम्ही त्या गाळ्याचे ‘सुकी’ होता, आणि कच्च्या चरबीच्या बाबतीत याचा खरा फायदा आहे. पाठीची चरबी लवकर संपते, ती ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला काढून ठेवली जाते आणि कातडी सोलून, तुकडे करूनही मिळते.

चरबी पांढरी किंवा किंचित गुलाबी असावी, बोटाने दाबल्यावर घट्ट लागावी आणि तिला आंबूस वास नसावा. पिवळट, चिकट किंवा हिरवट झाक असलेली चरबी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. फिलिपिन्समध्ये २००४ च्या मांस तपासणी कायद्यानुसार कत्तलखान्यातल्या मांसावर तपासणीचा शिक्का असतो आणि विक्रेत्याकडे तपासणीचे प्रमाणपत्र असावे लागते. ते पाहायला मागण्यात काहीच वावगे नाही. रोगाने आधीच मेलेल्या जनावराचे मांस कापून विकण्याचा बेकायदा प्रकार तिथे चालतो. त्याला ‘बोचा’ किंवा ‘डबल डेड’ म्हणतात. भाव बाजारापेक्षा फार खाली असेल आणि विक्री मंडईबाहेर, संध्याकाळी चालली असेल, तर तिथून निघून जावे.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग २०१९ साली फिलिपिन्समध्ये आला. तो माणसाला होत नाही, पण त्यात डुकरे मोठ्या प्रमाणावर गेली आणि भाव इतके चढले, की फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारला मनिला महानगरात दरमर्यादा घालावी लागली: खांद्याच्या मांसाला, म्हणजे कासिमला, किलोमागे २७० पेसो आणि पोटाच्या मांसाला, म्हणजे लिएम्पोला, ३०० पेसो. या रोगाचा आणखी एक परिणाम नवख्याला अचानक आडवा येतो. अनेक प्रांतांनी बाहेरून येणाऱ्या डुकराच्या मांसावर आणि त्याच्या पदार्थांवर बंदी घातली, त्यामुळे एका बेटावरून दुसऱ्या बेटावर विमानाने किंवा बोटीने जाताना सामानातले मांस, तळलेली कातडी किंवा चरबीची बरणी जप्त होऊ शकते. निघण्याआधी त्या प्रांताचा चालू नियम विचारून घ्यावा.

आखातात राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे. दुबईत काही मोठ्या दुकानांत बिगर-मुस्लिमांसाठी वेगळा विभाग असतो आणि तिथे डुकराचे मांस मिळते. सौदी अरेबियात आणि कुवेतमध्ये त्यावर बंदी आहे. जिथे बंदी आहे तिथे अदोबो (व्हिनेगर आणि लसणीत शिजवलेला मांसाचा पदार्थ) कोंबडीचा करावा. तो फिलिपिनो घरांतही सर्रास होतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

४. चरबी कढवणे

लोणी कढवून तूप केलेल्या माणसाला हे काम अर्धे येतेच: सुरुवातीचा बुडबुड्यांचा गलका हा पाण्याचा असतो, तो ओसरला की स्निग्ध पदार्थ स्वच्छ होतो आणि त्यानंतरची काही मिनिटेच जपण्याची असतात.

पहिल्यांदा एक किलो पाठीची चरबी घ्यावी. कातडी राहिली असेल तर ती सोलून वेगळी ठेवावी आणि चरबीला चिकटलेले मांसाचे लाल तुकडे काढून टाकावेत, कारण ते लवकर करपतात आणि सगळ्या चरबीला तपकिरी रंग व जळका वास देतात. चरबी मऊ असताना सुरी घसरते. अर्धा-पाऊण तास बर्फाच्या कप्प्यात ठेवली की ती कापायला सोपी जाते. साधारण एक ते दीड सेंटिमीटरचे सारखे चौकोनी तुकडे करावेत. हा सारखेपणा हौसेपोटी सांगत नाही. लहानमोठे तुकडे असले की लहान करपतात तेव्हा मोठ्यांची चरबी अजून आतच असते.

कढईत तुकडे टाकून त्यांवर अर्धी वाटी पाणी घालावे. पाणी कशासाठी, असा प्रश्न पडेल. चरबी सुटून तळाशी साठेपर्यंत पहिले तुकडे कोरड्या भांड्याला चिकटून करपण्याची भीती असते, तेवढ्या वेळापुरते हे पाणी आहे. पुढे ते वाफ होऊन निघून जाते. आच मंद ठेवावी आणि झाकण ठेवू नये, कारण झाकणावरचे थेंब खाली पडले की गरम चरबी उडते. दर काही मिनिटांनी पळीने तळापासून हलवावे.

पहिल्या अर्ध्या तासात कढईत गढूळ, दुधट द्रव दिसतो आणि आवाज मोठा असतो. मग हळूहळू द्रव पारदर्शक होतो, तुकडे आकसतात आणि आवाज बारीक होतो. या टप्प्यावर, तुकड्यांना नुकता फिकट पिवळा रंग चढला असताना, चरबीचा मोठा भाग पळीने काढून गाळून घ्यावा. ही पहिली धार. ती गोठल्यावर पांढरी शुभ्र होते, तिला वास जवळजवळ नसतो आणि गोड पदार्थांच्या पिठालाही ती चालते. उरलेले तुकडे तसेच मंद आचेवर ठेवून सोनेरी होईपर्यंत तळू द्यावेत. तेव्हा निघणारी दुसरी धार पिवळसर आणि खमंग असते, आणि भातासाठी माझी निवड नेहमी तीच असते. दोन्ही धारा एकाच बरणीत ओतणारे पुष्कळ आहेत. मला तो पहिल्या धारेचा अपव्यय वाटतो. सगळ्याला मिळून दीड ते दोन तास लागतात आणि एक किलोमधून साधारण पाऊण किलोच्या आसपास कढवलेली चरबी मिळते.

घाई करणाऱ्यांकडून इथे ठरावीक गडबड होते. आच वाढवली की तुकड्यांची बाहेरची बाजू कडक होते, आतली चरबी अडकून राहते आणि कढईतल्या चरबीला धुरकट चव येते. कढवताना मीठ तर मुळीच घालू नये. ते चरबीत विरघळत नाही, तळाशी आणि कुरकुरीत तुकड्यांत साठते. मीठ घालायचे ते तुकडे गाळून काढल्यावर.

हे उरलेले सोनेरी तुकडे टाकून देण्याचे नाहीत. कागदावर निथळून, गरम असतानाच मीठ भुरभुरावे आणि व्हिनेगरात ठेचलेला लसूण व ‘सिलिंग लाबुयो’ ही लहान तिखट मिरची घालून त्यात बुडवून खावे. मुगाच्या आमटीवर किंवा नूडल्सच्या ‘पानसित पालाबोक’वर घालायलाही ते चालतात, जरी त्या जागी खरे तर तळलेल्या कातडीचा चिचारोन असतो.

५. साठवण

गाळलेली चरबी हाताला सोसवेल इतकी कोमट झाल्यावर बरणीत भरावी. उकळती चरबी थंड काचेत ओतली तर बरणी तडकते. भरताना तळाशी बसलेला गाळ किंवा पाण्याचा अंश दिसला तर तो मागेच ठेवावा, कारण बुरशी आणि कुजका वास तिथूनच सुरू होतो. उघडी बरणी कापडाने झाकून पूर्ण गार होऊ द्यावी, मग झाकण लावावे. गरम असतानाच झाकण लावले की आतली वाफ पाणी होऊन चरबीवर पडते.

मनिलाच्या उकाड्यात पाठीची चरबी बाहेर ठेवली तर मऊ, अर्धवट पातळच राहते. ती बिघडली असे समजू नये. तिचा खवटपणा नाकाला कळतो, डोळ्यांना नाही. जुन्या घरांत ती ओट्यावरच असे आणि आजही काही घरांत असते, पण माझा सल्ला शीतकपाटाचा आहे. तिथे ती काही महिने चांगली राहते आणि बर्फाच्या कप्प्यात त्याहून अधिक. बरणीत नेहमी कोरडा चमचा घालावा. एकदा मासे तळलेली चरबी ताज्या बरणीत परत ओतू नये; तिच्यासाठी दुसरी लहान बरणी ठेवून ती पुन्हा माशांसाठीच वापरावी.

६. पहिला पदार्थ: सिनांगाग

सकाळचा लसणीचा परतलेला भात, सिनांगाग, हा या चरबीच्या वापराचा सर्वांत सोपा आणि सर्वांत प्रामाणिक धडा आहे. आदल्या रात्रीचा थंड, कोरडा भात लागतो. त्याला ‘बाहाव’ म्हणतात. ताज्या मऊ भाताचा गोळा होतो. चार वाट्या भात आधी हाताने मोकळा करून घ्यावा, थोडे मीठ शिंपडावे. कढईत दोन मोठे चमचे चरबी वितळवून ती अजून फार तापलेली नसतानाच आठ-दहा पाकळ्या बारीक चिरलेला लसूण टाकावा आणि मंद आचेवर सोनेरी होऊ द्यावा. मोहरी तडतडावी इतके तापलेले स्निग्ध इथे चालत नाही. लसूण क्षणात काळा पडतो आणि कडूपणा सगळ्या भातात उतरतो. अर्धा लसूण वर घालायला काढून ठेवावा, मग आच वाढवून भात टाकावा आणि दाणे चमकेपर्यंत परतावा. शेजारी अंडे आणि सुके किंवा मुरवलेले मांस असले की न्याहारी पूर्ण झाली.

न्याहारीला लोंगानिसा, म्हणजे तिथले लसणी किंवा गोडसर सॉसेज, असेल तर भातासाठी बरणी उघडण्याचीही गरज नाही. लोंगानिसा कढईत ठेवून बुडेल एवढे थोडे पाणी घालतात, पाणी आटले की त्यांची स्वतःची चरबी सुटते आणि त्यातच ती तळली जातात. ती काढल्यावर कढईत उरलेल्या लालसर चरबीत भात परततात.

यानंतरची पायरी म्हणजे गिसा: चरबीत लसूण, मग कांदा, मग टोमॅटो, या क्रमाने परतणे. टोमॅटो पूर्ण गळून त्याचा लगदा होईपर्यंत पुढचे काही टाकू नये. मुगाची ‘गिनिसांग मुंगगो’ याच पायावर उभी असते आणि मराठी जिभेला ती लगेच आपली वाटते. शिजवलेले अख्खे मूग, चरबीतला गिसा, थोडे मांस किंवा कोळंबी, शेवटी पाला. तिथल्या पुष्कळ घरांत ती शुक्रवारी होते.

७. अदोबो: चरबी आपोआप सुटते तेव्हा

जहाजावर फिलिपिनो आचाऱ्याच्या हातचे जेवलेल्या कोणालाही अदोबो सांगावा लागत नाही. तो प्रत्येक घरचा वेगळा असतो, म्हणून खालचे प्रमाण सुरुवातीपुरते समजावे.

एक किलो लिएम्पो, किंवा अर्धा लिएम्पो आणि अर्धा कासिम, मोठ्या तुकड्यांत कापावा. पातेल्यात तुकडे, अर्धी वाटी व्हिनेगर, पाव वाटीहून थोडा जास्त सोया सॉस, ठेचलेला लसणाचा अख्खा गड्डा, तीन-चार तमालपत्रे, चमचाभर अख्खी मिरी आणि एक-दीड वाटी पाणी घालून आचेवर ठेवावे. तेल घालायचे नाही. झाकण न ठेवता एक उकळी येऊ द्यावी आणि तोवर हलवू नये. व्हिनेगर उकळून त्याचा कच्चा उग्रपणा जाईपर्यंत पळी घालायची नाही, असा जुना दंडक आहे आणि तिथल्या सासवा तो अजून पाळायला लावतात. मग झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण ते एक तास, मांस मऊ होईपर्यंत शिजवावे.

बहुतेक नवखे इथेच थांबतात आणि पातळ, आंबट रस्सा वाढतात. तोही एक अदोबो आहे, पण खरी गंमत पुढच्या वीस मिनिटांत आहे. झाकण काढून आच मध्यम करावी आणि रस आटू द्यावा. पाणी जसे उडत जाते तसे पातेल्याच्या कडेने पारदर्शक चरबी दिसू लागते, मग रस दाट होऊन तळाशी बसतो आणि तुकडे त्यांच्याच चरबीत तळले जाऊ लागतात. आता मात्र पातेल्यापासून हलू नये. सोया सॉसमुळे तळ पटकन करपतो. तुकडे उलटून सगळ्या बाजूंनी तपकिरी झाले की उतरवावे. मीठ असलेच तर शेवटी, चव पाहून. सोया सॉस न घालता फक्त मीठ आणि व्हिनेगर वापरून केलेला ‘अदोबोंग पुती’ हा पांढरा प्रकार माझ्या मते शिकण्यासाठी जास्त चांगला, कारण त्यात चरबी कधी सुटली हे डोळ्यांना स्पष्ट दिसते.

शीतकपाटे नव्हती तेव्हा असा आटवलेला अदोबो मडक्यात भरून त्यावर चरबीचा थर येऊ देत, आणि व्हिनेगर, मीठ व वरचा थर यांच्या आधाराने तो दिवसेंदिवस टिकत असे. गोव्यात सोरपोतेल हा डुकराच्या मांसाचा पदार्थ दोन-तीन दिवस मुरवून, पुन्हा पुन्हा गरम करून खातात, तिथेही व्हिनेगर आणि चरबी यांचीच जोडी काम करते. आजच्या घरात मात्र तो शीतकपाटातच ठेवावा. वर गोठलेली पांढरी चरबी चमच्याने काढून दुसऱ्या दिवशीच्या सिनांगागला वापरावी. मिरी, लसूण आणि तमालपत्र यांची चव तिच्यात आधीच उतरलेली असते.

८. तळण: बाग्नेत आणि लेचोन कावाली

हे दोन्ही पोटाच्या मांसाचे कुरकुरीत प्रकार. लेचोन कावाली देशभर होतो. बाग्नेत हा उत्तर लुझोनमधल्या ईलोकोसचा, तो दोनदा तळतात आणि पुढे भाज्यांच्या पिनाकबेतमध्येही घालतात. चरबीचा सर्वाधिक साठा इथे लागतो आणि इथेच वाढतो, कारण मांस तळताना आपली चरबी कढईत सोडते.

मांसाचा अख्खा पट्टा मीठ, मिरी आणि तमालपत्र घातलेल्या पाण्यात कातडी मऊ होईपर्यंत, सुमारे तासभर, उकडावा. निथळून, पुसून, शीतकपाटात रात्रभर उघडाच ठेवून सुकवावा. ही रात्र वगळू नये. ओली कातडी गरम चरबीत गेली की ती फटफटत उडते, आणि हात, चेहरा भाजतो तो बहुतेक वेळा याच घाईतून. कढई एक-तृतीयांशाहून जास्त भरू नये. पहिले तळण साधारण १५० अंश सेल्सिअसला, हलके सोनेरी होईपर्यंत. मग मांस काढून गार करावे आणि दुसऱ्यांदा १८० अंशांच्या सुमारास, कातडीवर फोड येईपर्यंत तळावे. चरबी १९० अंशांच्या आसपास धुरू लागते, म्हणून धूर दिसला की आच लगेच कमी करावी. कढईने पेट घेतलाच तर आच बंद करून धातूचे झाकण सरकवत ठेवावे, कढई हलवू नये आणि पाणी कधीही ओतू नये.

९. भाजके पदार्थ, थोडक्यात

एन्सायमादा हा लोणी-साखर-चीज लावलेला गोल पाव स्पेनच्या मायोर्का बेटावरून आला. मूळ प्रकारात डुकराची चरबी असते, फिलिपिन्समध्ये आता बहुधा लोणी वापरतात. चिनी वंशाच्या कुटुंबांनी रुजवलेल्या होपियात पापुद्रे पाडण्यासाठी पाण्यात मळलेले पीठ आणि चरबीत मळलेले पीठ असे दोन गोळे एकमेकांत लाटतात. लोण्याऐवजी चरबी घ्यायची असेल तर वजन तेच ठेवू नये. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि कढवलेल्या चरबीत जवळजवळ सगळाच, म्हणून १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम चरबी आणि थोडे पाणी घ्यावे. चरबी थंड, घट्ट आणि पहिल्या धारेची असावी. पापुद्रे जमायला वेळ लागतो. अदोबो हातात बसल्यावरच याकडे वळावे.

१०. कोणाला वाढू नये, आणि काय विचारून खावे

फिलिपिन्स हा कॅथलिक बहुसंख्य देश असला तरी मिंदानाओच्या मुस्लिम भागांत आणि सर्वत्र विखुरलेल्या मुस्लिम कुटुंबांत डुकराची चरबी निषिद्ध आहे, आणि सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोकही डुकराचे मांस खात नाहीत. ज्या कढईत ही चरबी वापरली ती नुसती धुऊन त्यांच्यासाठी वापरणे योग्य नाही. वेगळे भांडे ठेवावे. दावाओत मिश्र वस्तीच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी सामायिक तव्याबाबत पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे.

उपासकाळातल्या शुक्रवारी कॅथलिक घरांत मांस टाळतात. चर्चच्या १९६६ च्या नियमांत मांस वर्ज्य असले तरी प्राणिज चरबीचा चवीपुरता वापर वर्ज्य नाही, तरी अनेक घरांत त्या दिवशी बरणी बंदच राहते. म्हणून पाहुण्याने घरातल्या थोरांचे पाहून वागावे. मुगाच्या आमटीवर चिचारोन घालण्याआधी तर नक्कीच विचारावे. या बाबतीतली अडचण जुनीच आहे. १५२१ साली दर्यावर्दी माजेलानच्या (मॅगेलनच्या) ताफ्याबरोबर आलेल्या पिगाफेत्ता या इटालियन वृत्तांतकाराने, स्थानिक राजाने पुढे केलेले डुकराचे मांस आपल्याला गुड फ्रायडेच्याच दिवशी खावे लागले, अशी नोंद केली आहे. स्पॅनिश राजवटीआधी त्या बेटांवर डुकरे पाळली आणि खाल्ली जात होती, हेही त्यावरून कळते.

घरून भेटीला आलेल्या शाकाहारी आईवडिलांसाठी सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे होपियांग मुंगगो. आत मुगाचे गोड पुरण असते, वेष्टनावर मुगाचे नाव असते आणि पारीत डुकराची चरबी असू शकते. पाव, नूडल्स आणि भाज्यांचेही तेच. ‘वालांग बाबोय?’ म्हणजे ‘डुकराचे नाही ना?’ एवढेच विचारले, तर सांगणारा मांसाच्या तुकड्यांपुरते उत्तर देतो. म्हणून मांतिका कोणते आहे हे निराळे विचारावे आणि बंद पाकिटावर घटकांची यादी वाचावी.

आरोग्याविषयी थोडे. चरबीच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ११५ कॅलरी असतात. तिच्यातील संपृक्त स्निग्धांश ४० टक्क्यांच्या आसपास असतो आणि खोबरेल तेलात तो ८० टक्क्यांहून अधिक असतो, पण एवढ्यावरून चरबी सढळ हाताने वापरण्याची मुभा मिळत नाही. हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉल असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

११. वापरून झालेली चरबी

तळणाची चरबी गाळून दोन-तीनदा वापरता येते. काळसर, फेसाळ किंवा खवट झाली की टाकावी. मोरीत ओतू नये, कारण ती नळात गोठते आणि पावसाळ्यात तुंबलेले पाणी उलटे घरात येते. जुन्या डब्यात गोठवून, झाकण लावून कचऱ्यात द्यावी, आणि तोवर डबा जमिनीवर ठेवू नये. मुंग्या रात्रीतून पोहोचतात. भारतात परतताना चांगली बरणी सामानात घालण्याचा मोह टाळावा, कारण प्राणिजन्य पदार्थ आणण्यावर निर्बंध आहेत. ती शेजारच्या आतेला देऊन टाकावी.